वृद्धाश्रमाची पारख



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "यात तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? आश्रम स्वच्छ असावा, जेवण वेळेवर मिळावे, माणसे प्रेमळ असावीत. संपले!" त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही. कारण काही वर्षांपूर्वी मीही नेमके एवढेच पाहत असे, आणि पाहूनच फसलो. तो फसण्याचा इतिहास आपल्यापुढे ठेवावा, एवढ्यासाठी आज उभा आहे.

एका लहानशा वृद्धाश्रमाच्या पाहणी-समितीवर मी चार वर्षे होतो. बावीस माणसांचा आश्रम. दर तीन महिन्यांनी आम्ही तिघे जण रविवारी सकाळी दहाच्या सुमारास जात असू. आमच्या येण्याचा निरोप अर्थातच आधी पोचलेला असे. अंगण झाडलेले, चादरी शुभ्र, प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचे तांब्या-भांडे लखलखीत. चहा घेऊन आम्ही शेऱ्याची वही पुढे ओढीत असू आणि मी लिहीत असे, "व्यवस्था समाधानकारक." चार वर्षांत असे सोळा शेरे झाले. सोळाही शब्दशः एकच.

एकदा चष्म्याचे घर तिथे विसरले, म्हणून भर वैशाखात रात्री साडेआठला मी एकटाच गेलो. एक आजी पलंगावर बसून पदराने वारा घेत होत्या. उशाशी भांडे काठोकाठ भरलेले. मी म्हटले, "आजी, पाणी देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको रे बाबा. चारनंतर मी पाणी पीत नाही." मला वाटले काही नेम असेल. त्या हसल्या. "नेम कसला! रात्री मावशी एकटी. हाक मारावी तर ती दुसऱ्याकडे अडकलेली. मग अंथरूण ओले होते आणि सकाळी सगळ्यांदेखत चादर निघते. त्यापेक्षा तहान बरी."

मंडळी, ते भांडे मी सोळा वेळा पाहिले होते.

सेवेची प्रत कशी मोजावी, या प्रश्नावर अवेडिस डोनाबेडियन या वैद्यकशास्त्रज्ञाचा एक लेख १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन ठिकाणी पाहायला सांगितले: साधने कोणती आहेत, त्या साधनांनी प्रत्यक्षात काय केले जाते, आणि शेवटी माणसाच्या पदरात काय पडते. आमच्या भांड्याला हे लावून पाहा. भांडे हे साधन. ते ओठांपर्यंत जाते का, आणि त्यानंतर शौचालयापर्यंत कोणाचा हात मिळतो का, ही कृती. म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते. त्यात मुद्दाम पाणी तोडले तर बद्धकोष्ठ, लघवीच्या मार्गाचे विकार, भोवळ, एकाएकी होणारा मतिभ्रम, हा परिणाम. आणि तो दिसू लागला की आपण काय म्हणतो? "आता वयच झाले!" आमची समिती पहिल्या पायरीवर चहा पिऊन परत येत होती.

इंग्लंडात पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १७३ वृद्धगृहे पायाखाली घालून १९६२ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांना केवळ पडक्या इमारती दिसल्या नाहीत. माणसाच्या हातचे काम जाते, खाजगीपणा जातो, आप्तस्नेही तुटतात आणि दिवसावरचा स्वतःचा ताबा सुटतो, हे त्यांना दिसले. म्हणून आश्रमात शिरताना मी आता एक प्रश्न मनाशी धरतो: इथले घड्याळ कोणाचे? संध्याकाळचे जेवण साडेपाचला उरकते, ते वृद्धांना भूक लागते म्हणून, की स्वयंपाकीणबाईंना घरी जायचे असते म्हणून?

लहान आश्रमाचे एक मोठे सुख आहे. तिथे माणूस नावाने ओळखला जातो. कोणाला भाकरी कुस्करून हवी, कोण दुपारी मुलीच्या फोनची वाट पाहते, हे सर्वांना ठाऊक असते. पण लहानपणाची जोखीमही आहे. एक मावशी आजारी पडली की रात्र उघडी पडते. व्यवस्थापकांचा स्वभाव हाच तिथला कायदा होतो, आणि तक्रार करायची तर त्यांच्याकडेच.

थोडे गणित करू. आमच्या आश्रमात चार जण अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. वळवणे, पुसणे, कपडा बदलणे याला माणशी पंधरा मिनिटे धरा. दोन तासांतला एक तास गेला. उरलेल्या एका तासात अठरा माणसे, आणि मावशी एक! ती निर्दय नव्हती, भागाकारात सापडली होती.

वळवणे चुकले की पाठीला जखमा होतात. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ सालीच दाखवले की शरीरप्रकृती, मनाची सावधता, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींवरून ही जखम कोणाला होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. आधी ओळखता येणारे संकट बहुतेक वेळा टाळताही येते. म्हणून विचारावे, सध्या कितीजणांच्या पाठीला जखम आहे? दर महिन्याला वजन घेता का? कोणाचे उतरले? गेल्या तीन महिन्यांत कोण कोण पडले? कोणाला पलंगाला बांधावे लागते का, झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देता? अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहात केवळ सोयीसाठी माणसाला जखडणे निषिद्ध ठरवले. चांगला व्यवस्थापक या प्रश्नांनी रागावत नाही. तो वही काढून दाखवतो. आणि ज्याला बोलता येते त्याच्याशी गप्पा मारून परतू नये. ज्याला बोलता येत नाही, त्याची नखे, तोंड आणि टाचा पाहाव्यात. आश्रमाची खरी प्रत तिथे लिहिलेली असते.

आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम काढण्याची आणि त्यांतील सेवांचा दर्जा ठरवण्याची तरतूद त्यात आहे. ती हवीच. पण रात्री साडेआठला कायदा तिथे बसलेला नसतो. शेजारी असू शकतो.

आता थोडे आपल्याविषयी. त्या आठवड्यात आश्रमाला पाच गोडाची जेवणे मिळाली होती. कोणाचा वाढदिवस, कोणाचे श्राद्ध. मधुमेही माणसांपुढे पाच वेळा जिलबी आली. भिंतीवर देणगीदारांच्या नावाचे सात पंखे होते. रात्रीच्या दुसऱ्या मावशीच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून तो कोणी देत नव्हते. मी विश्वस्तांकडे गोष्ट काढली. "पुढच्या बैठकीत पाहू," असे उत्तर मिळाले.

त्या पावसाळ्यात आजी पहाटे एकट्याच उठल्या आणि पडल्या. मांडीचे हाड मोडले. रुग्णालयातून त्या परत आल्या नाहीत. कोरड्या पडल्यामुळेच भोवळ आली, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या हाक न मारता का उठल्या, हे मला माहीत होते. दुसरी मावशी दिवाळीनंतर आली. पगारासाठी आम्ही बारा घरे गाठली. प्रत्येकाने वर्षातून एक महिना उचलला. सतरावा शेरा मी जरा मोठा लिहिला.

श्रोतेहो, आपल्या गावात असा एखादा आश्रम असेल. उद्या देणगी घेऊन जाऊ नका, निरोपही धाडू नका. दिवेलागणीनंतर जा, कोणाच्या तरी उशाशी बसा आणि पाणी हवे का, एवढे विचारा. "नको" असे उत्तर आले, तर लगेच उठू नका. का नको, तेही विचारा.