जंतू मरतात, विष मुरते



काचेची बाटली उकळत्या पाण्यात घालता येते. प्लास्टिकची पेट बाटली पंच्याहत्तर अंशांच्या आसपासच मऊ पडते, वाकडी होते. म्हणून कारखान्यात ती हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनाने निर्जंतुक करतात. मग ते रसायन काढायचा पुन्हा खटाटोप. यावर प्लाझ्माची रीत निघाली. बाटलीतला वायू विरळ करून त्यात विजेची ऊर्जा सोडली की वायूचे कण फुटतात आणि तो चमकू लागतो. ट्यूबलाइटमध्ये आपण पाहतो तो हाच प्रकार. त्यातले अतिनील किरण आणि तिखट झालेला प्राणवायू काही सेकंदांत जंतू मारतात, चिवट बीजाणूसुद्धा. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठात पेट बाटल्यांवर असे प्रयोग झाले. बाटली धुवायला पाणी लागत नाही, हे आपल्या कोरडवाहू मुलखाला आवडणारच. पण निर्वात पंप आणि वीज लागते, म्हणजे काम कारखान्याचे, घरचे नव्हे.

कोणी म्हणेल, मग फवारणीच्या औषधाचा डबाही असाच शुद्ध करून पाण्याला वापरू. आम्ही सांगतो, नाही! प्लाझ्माचे काम वरच्या कातडीपुरते. जंतू तिथेच बसतात. औषध मात्र प्लास्टिकात मुरते आणि पाणी किंवा तेल भरले की हळूहळू बाहेर येते. राखेने घासा, उन्हात ठेवा, ते जात नाही. पंप भरतानाच रिकामी बाटली तीनदा खळबळा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला तिथेच बांधावर भोक पाडा.