गुणिजनखान्याच्या मुलखात

आमेरच्या किल्ल्याची चढण चढून धाप लागली असेल. मावठा तलावाकडे बघत घटकाभर टेका.

१७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी जयपूर वसवलं आणि राजधानी इथून हलली. जयपूरच्या दरबारात पुढे गवई-वादकांसाठी गुणिजनखाना नावाचं वेगळं खातंच होतं. रामसिंह दुसरे यांच्या काळात बहराम खाँसारखे ध्रुपदिये तिथे होते. पगार दरबाराचा, त्यामुळे तिकीटखिडकीची चिंता नाही. १९४९ मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झालं आणि पोसणारा हातच गेला.

जयपूरजवळच्या उणियाऱ्यात जन्मलेले गवई अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला होते. १९२२ मध्ये महाराज गेले, खाँसाहेबांनी मुंबई गाठली. तंबोऱ्यांची जोडी घेऊन गवई गाव बदलतो. ऐंशी वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा कुठे जाणार?

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रोम्बोनवाले पहिले तीन भाग गप्प बसून असतात. त्यांचं काम चौथ्यात. म्हणून कोणी त्यांना पाव पगार देत नाही! दोनशे वर्षांपूर्वी या रचनेला जितकी माणसं लागत, तितकीच आजही लागतात. गिरणीत यंत्र आलं की माणसं कमी होतात, इथे तसं होत नाही. पगार मात्र जगाबरोबर वाढतात. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच हे दुखणं मांडलं होतं.

तरी सगळा दोष गणिताचा नाही. फिलाडेल्फियाच्या नामवंत वाद्यवृंदाने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने पगारकपातीचा हट्ट धरून ऑक्टोबर २०१२ पासून वादकांना दाराबाहेर ठेवलं, आणि त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे ५ कोटी डॉलर घातले. नवं सभागृह, वादक फुटपाथवर! ऑस्मो वॅन्स्का यांनी संगीत दिग्दर्शकपद सोडलं. तडजोड झाली २०१४ च्या जानेवारीत.

आपल्याकडे मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली. आज नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सची (एनसीपीए) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, स्थापना २००६. तिच्या हंगामासाठी बरेच वादक परदेशातून येतात, म्हणजे पहिला सूर लागण्याआधीच विमानभाडं आणि मुक्कामाचा खर्च.

म्हणून वाद्यवृंदांच्या या परिषदेचं पहिलं सत्र वाद्यवृंद संचालकांना न देता खजिनदारांना दिलं आहे. त्यांनी चोपड्या उघडाव्यात. दाल-बाटी दीड वाजता आहे.