एदेन बागेंतील वचन

भविष्य म्हटलें कीं पंचांग, कुंडली आणि ग्रहदशा हीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. पुढें घडणारें आगाऊ सांगतो तो भविष्यवादी, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. मराठी पवित्र शास्त्राच्या जुन्या भाषांतरांत यशया, यिर्मया प्रभृति पुरुषांना ‘भविष्यवादी’ असेंच म्हटलें होतें; नंतरच्या भाषांतरांत त्या जागीं ‘संदेष्टा’ हा शब्द आला. हा फरक नुसता शब्दाचा नव्हे. मूळ इब्री भाषेंतला शब्द ‘नाबी’ असा आहे, आणि नाबी म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा. निर्गम ग्रंथाच्या ७ व्या अध्यायांत अहरोन हा मोशेचा नाबी होईल असें सांगितलें आहे. तेथें भविष्याचा संबंधच नाहीं. अहरोनानें मोशेचें मुख व्हावें, एवढाच त्याचा अर्थ.

हा शब्द पवित्र शास्त्रांत पहिल्यानें येतो तो उत्पत्ति ग्रंथाच्या २० व्या अध्यायांत. अब्राहामानें भयापोटीं आपली पत्नी सारा ही बहीण आहे असें सांगितलें, आणि गरारचा राजा अबीमलेख यानें तिला आपल्या घरीं नेलें. तेव्हां देवानें राजाला स्वप्नांत बजाविलें कीं, तिला परत पाठवावें. तिचा पति नाबी आहे आणि तो राजासाठीं प्रार्थना करील. म्हणजे ज्याला शास्त्रांत प्रथम संदेष्टा म्हटलें, त्याचें तेथलें काम भाकीत करणें हें नव्हतें, तर ज्याच्याशीं आपण खोटें बोललों त्याच्याकरितां देवापुढें हात जोडणें हें होतें.

संदेष्ट्याचें स्वरूप असें ठरल्यावर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे वळावें. ख्रिस्ती लोक ज्याला सुवार्तेची पहिली खूण मानतात तें वचन तेथें आहे. आदाम आणि हव्वा यांनीं निषिद्ध फळ खाल्लें आणि तीं झाडींत लपलीं. विचारणा होतांच आदामानें दोष हव्वेवर ढकलला, हव्वेनें सर्पावर. देवानें प्रथम शिक्षा सांगितली ती सर्पाला, आणि त्या शिक्षेच्या पोटांत १५ वें वचन आहे. त्याचा भावार्थ असा कीं, सर्प आणि स्त्री यांच्यामध्यें व दोघांच्या संततींमध्यें वैर चालेल. एकाच्या मस्तकावर घाव बसेल आणि दुसऱ्याच्या टांचेला इजा होईल.

वरवर पाहतां हें शेतांत अनवाणी वावरणारा मनुष्य आणि साप यांचें वैर आहे. सर्प म्हणजे सैतान असें त्या अध्यायांत कोठेंच लिहिलेलें नाहीं. इतर वनपशूंहून तो धूर्त होता, एवढेंच लिहिलें आहे. ती ओळख नव्या करारांत, प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायांत मिळते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत लिआँचा बिशप इरेनियस यानें हें वचन ख्रिस्ताविषयींचें म्हणून सविस्तर उलगडलें. टांचेची इजा म्हणजे वधस्तंभावरील यातना, आणि मस्तकावरील घाव म्हणजे पुनरुत्थानानें झालेला मृत्यूचा पराभव, असा अर्थ ख्रिस्ती मंडळींत रुजला.

या वचनांतील एका सर्वनामाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. संततीसाठीं वापरलेला ‘झेरा’ हा इब्री शब्द बीज आणि वंश या दोन्ही अर्थांचा आहे, आणि तो एकासाठींहि चालतो, अनेकांसाठींहि. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत यहुदी पंडितांनीं ग्रीक भाषांतर केलें. ग्रीकमध्यें ‘बीज’ हा शब्द नपुंसकलिंगी असतांहि त्यांनीं सर्वनाम पुल्लिंगी घातलें. त्यामुळें मस्तक ठेंचणारा कोणी एक पुरुष असावा असा भाव उमटला. पुढें पश्चिमेकडील लॅटिन भाषांतरांत तेंच सर्वनाम स्त्रीलिंगी झालें, आणि ठेंचणारी ती स्त्री ठरली. सर्पावर पाय देऊन उभ्या असलेल्या मरियेच्या मूर्ति व चित्रें यांना या पाठाचा मोठा आधार मिळाला. रोमन मंडळीनें १९७९ सालीं जी सुधारलेली लॅटिन आवृत्ति प्रसिद्ध केली, तींत हें सर्वनाम पुन्हां बीजाकडे वळविलें आहे. मराठींत तर ‘संतति’ हा शब्दच स्त्रीलिंगी असल्यामुळें ‘ती’ म्हटलें तरी रोख संततीकडेच राहतो.

मग असा प्रश्न येतो कीं, ज्या वचनाचा अर्थ एका सर्वनामावर हेलकावे खातो, त्यावर कोणी आपला विश्वास कसा ठेवावा? याचें उत्तर ख्रिस्ती विश्वासाच्या क्रमांत आहे. पहिल्या शिष्यांनीं एदेन बागेंतलें वचन वाचून ख्रिस्ताला शोधून काढलें नाहीं. त्यांना आधीं ख्रिस्त भेटला, आणि मग त्या प्रकाशांत त्यांनीं जुनी पानें पुन्हां उघडलीं. कोय हातांत घेऊन आंब्याची चव कोणी सांगू शकत नाहीं. फळ खाल्लेल्याला मात्र त्या कोयींत काय दडलें होतें तें कळतें. याच रीतीनें पौलानें रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत आदाम व ख्रिस्त यांना समोरासमोर उभें केलें: एकाच्या आज्ञाभंगानें मरण आलें, एकाच्या आज्ञापालनानें जीवन. पेत्राच्या पहिल्या पत्रानें नोहाच्या तारवांत बाप्तिस्म्याची खूण पाहिली. अब्राहामाच्या ठायीं सर्व कुळें आशीर्वादित होतील हें वचन पौलानें गलतीकरांस लिहितांना आगाऊ सांगितलेली सुवार्ता मानलें.

पौलाचें आणखी एक लिहिणें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायांत तो म्हणतो कीं, देव सैतानाला लवकरच त्या मंडळीच्या पायांखालीं तुडवील. तेथें पाय ख्रिस्ताचा म्हटलेला नाहीं. रोम शहरांतील साध्या विश्वासणाऱ्यांचा म्हटला आहे, आणि तोहि फुटी पाडणाऱ्यांपासून सावध राहण्याच्या उपदेशानंतर. वचन असें ऐकणाऱ्याच्या आचरणांत उतरतें.

या दृष्टीचा विसर पडला म्हणजे काय होतें तेंहि इतिहासांत दिसतें. सृष्टीच्या सहा दिवसांवरून जगाचें आयुष्य सहा हजार वर्षांचें ठरविण्याची प्रथा फार जुनी आहे. बर्नबाच्या नांवानें चालणाऱ्या प्राचीन पत्रांत ती आढळते. इ. स. १६५० मध्यें आर्चबिशप अशर यानें सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्वीं ४००४ या वर्षीं ठरविला. दोन्ही हिशेब एकत्र केले तर जगाचा शेवट विसाव्या शतकाच्या अखेरीस यावयास हवा होता. तें शतक सरलें आणि जग चालूंच राहिलें. येशूनें स्वतः नोहाच्या दिवसांचा दाखला दिला आहे तो मत्तयाच्या २४ व्या अध्यायांत. परंतु तो वर्षें मोजण्यासाठीं नव्हे. तो दिवस व ती घटका कोणालाहि ठाऊक नाहीं, म्हणून जागें राहावें, यासाठीं.

मराठी भाषेला हा विषय नवा नाहीं. इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यानें गोव्यांतील साष्टी प्रांतीं नवख्रिस्ती लोकांसाठीं रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. एकूण ९५ अवस्वरांपैकीं पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतच्या कथेला दिले आहेत. ख्रिस्ताचें चरित्र येतें तें दुसऱ्या पुराणांत. ओवी ऐकणाऱ्या श्रोत्यांना एकदम बेथलेहेमास न नेतां कवीनें आधीं एदेन बागेंतून चालविलें, कारण वचन ऐकल्यावांचून त्याची पूर्ति कशाची हें समजत नाहीं.

तिसऱ्या अध्यायाच्या शेवटास आदाम व हव्वा बागेबाहेर जातात आणि जीवनाच्या वृक्षाकडील वाट बंद होते. परंतु त्यापूर्वीं देवानें त्यांना कातड्याचीं वस्त्रें करून नेसविलीं, असें २१ वें वचन सांगतें. शिक्षा करणाऱ्यानेंच शिक्षा झालेल्यांचें अंग झांकलें. तोच वृक्ष पवित्र शास्त्राच्या अगदीं शेवटच्या अध्यायांत पुन्हां दिसतो. तेथें त्याचीं पानें राष्ट्रांच्या आरोग्यासाठीं आहेत. या दोन वृक्षांमधील सर्व वाट ख्रिस्ती मनुष्य त्या पहिल्या वचनाच्या आधारानें चालतो. पुढचें वर्ष कसें जाईल हें तें वचन त्याला सांगत नाहीं. ज्याच्या हातांत तें वर्ष आहे त्यानें मनुष्याला बागेबाहेर काढतांनाहि टाकून दिलें नाहीं, हें मात्र सांगतें.