येतं, पण बोलता येत नाही



आपण दहावी झालो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आपली एबीसीडी सुरू झाली ती पाचवीत. सरांनी व्याकरण पक्कं करून घेतलं, मार्कही पडले. तरी इंजिनिअर होऊन पुण्यात पहिल्या मुलाखतीला बसले, तेव्हा प्रश्न सगळा कळला आणि तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी फोनवरून सात जणांचा इंग्रजीचा वर्ग घेते. हळदीच्या आडतीवरचे मुनीम आहेत, एक आशाताई आहेत, आणि आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आहे. तिला विचारून सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही.

तिचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. एकदा पालकसभेच्या आदल्या रात्री तो म्हणाला, "आई, तू नको येऊस, बाबांना पाठव." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

सातही जणांचं म्हणणं एकच होतं, "येतं, पण बोलता येत नाही." आणि ते खरं होतं. पाट्या वाचता येतात, शब्द भरपूर आहेत, वाक्य जुळत नाही. कारण वाक्य आधी मराठीत तयार होतं. आपण म्हणतो मला मुलगा आहे, मला भूक लागली, मला जायचंय. आपला 'मला' एकच. इंग्रजीत 'आय हॅव अ सन', 'आय अ‍ॅम हंगरी', 'आय वॉन्ट टू गो'. शब्दाला शब्द ठेवला की 'टू मी' होतं आणि गाडी अडते. प्रश्नाचंही तेच. आपण शेवटी 'का' लावला की झालं. तिकडे 'डिड' पुढे आणायचं आणि 'वेंट'चं परत 'गो' करायचं.

पहिले तीन महिने मी हे नियम समजावत बसले आणि चूक झाली की तिथेच थांबवत गेले. आमच्या धंद्यात एक स्वल्पविराम चुकला तरी प्रोग्रॅम अडतो, तीच सवय. सातातले चार उरले. मग एक दिवस मुनीम म्हणाले, "ताई, तुम्ही थांबवलं की पुढचं बोलावंच वाटत नाही." मला ती मुलाखत आठवली. मी त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत बसवत होते.

तेव्हापासून बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू द्यायचं, मग तेच वाक्य मी नीट करून म्हणायचं, पुढे जायचं. नियम नंतर. रोज लागणारी दहा वाक्यं अख्खीच पाठ करायची, त्यातला एखादा शब्द बदलून नवी करायची. गेलेले तिघेही परत आले.

मैत्रिणीने पालकसभेसाठी दोन वाक्यं तयार केली: "माय सन इज वीक इन मॅथ्स. व्हॉट शुड आय डू अ‍ॅट होम?" आठवडाभर भाकरी थापताना तीच घोकली. सभेत उभी राहिली, दोन्ही वाक्यं म्हणाली. आणि त्या बाईंनी उत्तर दिलं चक्क मराठीत! मग दोघी दहा मिनिटं गणितावर बोलल्या.

एवढ्याचसाठी अडलं होतं का, असं वाटेल. पण त्या दोन वाक्यांवाचून ती उभीच राहिली नसती. पुढच्या सभेच्या वेळी मुलानेच विचारलं, "आई, येतेस ना?"

गुरुजन हो, व्याकरण तुम्ही दिलंत, म्हणून आज दुरुस्त करता येतं. उणीव होती ती बोलायला जागा असण्याची. ती जागा आपण एकमेकांना देऊ शकतो. ज्यांना शिकायचंय किंवा आठवड्यातला एक तास द्यायचाय, त्यांनी आज जेवणाच्या पंगतीत मला गाठावं. चुकलात तरी मी मधे थांबवणार नाही.