दवाखान्यातील सही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



२३ एप्रिल २०२१ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे किमान तेरा रुग्ण दगावले. त्यानंतर अग्निसुरक्षेची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी. मी मात्र आज एका लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे दवाखान्यात आपण करतो ती सही.

रुग्ण दाखल करताना इंग्रजीत छापलेला कागद पुढे येतो. आपण घाबरलेले असतो. बोट दाखवतील तेथे सही करतो. आता काही झाले तरी बोलण्याची सोय उरली नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ च्या मे महिन्यात एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले आणि त्याच दिवशी तो मरण पावला. वडील स्वतः डॉक्टर. ते कोर्टात गेले. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची नुकसानभरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. सर्व डॉक्टर निष्काळजी असतात असे मी म्हणत नाही. किंबहुना आपल्यापैकी अनेकांचे प्राण त्यांनीच वाचविले आहेत.

आता आपल्या घरातील एक गोष्ट. ऑपरेशन बाईचे, सही मात्र नवऱ्याची किंवा सासऱ्याची! तिला कोणी विचारीतही नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीचे एक प्रकरण आले. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकले होते. रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. तेव्हा आईची संमती चालणार नाही आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. आईची सही चालली नाही, तर नवऱ्याची कशी चालेल? पुरुष मंडळींनी याचा जरा शांतपणे विचार करावा.

आपल्याला सर्वांत जास्त छळणारा प्रसंग मय्यतीचा. दफनाला उशीर करू नये असे आपला दीन सांगतो, आणि नेमक्या त्याच घाईवर बिलाचा दाब येतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने रात्री दागिने गहाण टाकून पैसे भरले, तेव्हा कोठे मय्यत ताब्यात मिळाली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. देणे बुडवा असे मी सांगत नाही. कर्ज फेडणे हेही आपल्यावर फर्जच आहे. पण वसुलीचे मार्ग वेगळे आहेत, त्यासाठी मय्यत ओलीस ठेवायची नसते.

विद्यार्थी मित्रहो, येथे तुमचे काम आहे. घरात इंग्रजी वाचणारे बहुधा तुम्हीच असता. अब्बांनी पेन उचलण्यापूर्वी तो कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि न समजलेला शब्द डॉक्टरांना विचारा. ते रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा. उपचारांची कागदपत्रे लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागतात. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.