मूल येणार होतं, एसटी नव्हे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती आणि पाण्याला टँकर होता. आपली मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून आपल्याच काचा फोडत होती. आज त्या मुलांची मुलं त्याच पार्किंगमध्ये बाबागाडीतून फिरतात. गेल्या महिन्यात अशाच एका तरुण जोडप्याने मला लिफ्टमध्ये विचारलं, "काका, नाताळात बाळाला घेऊन गाडीने कोकणात जायचंय. तुम्ही गेला होतात ना? काय काय तयारी करायची?" मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत ते सांगून होणार नाही. आज सेक्रेटरींनी दहा मिनिटं दिली आहेत, म्हणून हाच विषय घेतो. यात माझी एक चूक सांगायची आहे. सूनबाई समोर बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नात, आमची छकुली, तेव्हा आठ महिन्यांची होती. गुहागरला माझी मोठी बहीण, आक्का, चौऱ्याऐंशी वर्षांची. गुडघे गेलेले, प्रवास बंद. फोनवर तिचं एकच पालुपद, "पोरीला एकदा दाखव रे." व्याडेश्वर आमचं कुलदैवत, म्हणजे दर्शनही व्हायचं होतं. डिसेंबरात जायचं ठरलं.

आता पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला प्रवास ठरवायला सांगितला की काय होतं? मी कागद घेतला, रेघा मारल्या. पहाटे पाचला निघायचं. सातला सातारा, पंधरा मिनिटं चहा. साडेआठला कऱ्हाड. मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि एकच्या ठोक्याला आक्काकडे पानावर. सुमारे तीनशे किलोमीटर. कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक चिरंजीवांना, एक सौ.ना, एक माझ्या खिशात.

सूनबाईने कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाबा, यात तिची दूध प्यायची वेळ कुठे आहे?" मी म्हटलं, "गाडीत पिईल की! तुझ्या नवऱ्याला आम्ही सहा महिन्यांचा असताना एसटीने नेला होता, ट्रंकेवर बसून." हे वाक्य या सभागृहातल्या प्रत्येक आजोबाने एकदा तरी म्हटलेलं आहे, त्यामुळे हसू नका.

निघताना पाचचे साडेसहा झाले. मी घड्याळ बघायला लागलो. साताऱ्याचा चहा रद्द केला. कऱ्हाड सोडलं आणि छकुलीने रडायला सुरुवात केली. ती मागच्या सीटवर तिच्या बेबी सीटमध्ये पट्ट्यांत बांधलेली. सूनबाई म्हणाली, "जरा थांबू या." मी म्हटलं, "आता पाटणलाच थांबू. तोपर्यंत काढ तिला त्या सीटमधून, मांडीवर घे, गप्प होईल." ती नको म्हणाली. मी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि आवाज चढवून सांगितलं. तिने घेतलं.

मल्हारपेठच्या अलीकडे एका वळणावर उसाची ट्रॉली मध्येच उभी होती. चिरंजीवांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी वाचली. छकुलीचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. क्षणभर ती रडलीच नाही. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. मग तिने टाहो फोडला, आणि त्या टाहोने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नसेल.

जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं. टेंगूळ होतं, बाकी काही नव्हतं. पण म्हणाले, "चोवीस तास लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, मूल सुस्त वाटलं, नेहमीसारखं दूध प्यायलं नाही, झटका आला, तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या." पुढे घाट, म्हणून आम्ही उलटे कऱ्हाडला आलो आणि लॉजवर उतरलो. रात्रभर आम्ही चौघं आळीपाळीने तिच्याकडे बघत बसलो. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी छकुली नेहमीसारखी हसत उठली. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, सावकाश जा. मी मात्र म्हटलं, परत फिरू. सूनबाई म्हणाली, "नाही बाबा, आक्कांना भेटायचंच. पण आजचा कागद मी करणार." तिने माझ्याच खिशातला कागद मागून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. आज आणलाय. त्यावरचं तुम्हाला सांगतो, माझ्या शब्दांत.

पहिलं, गाडी चालू असेपर्यंत बाळ बेबी सीटमध्येच. सीट मागच्या बाजूला, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे अशी सीट कधीही लावायची नाही. रडलं तर गाडी थांबवायची, बाळाला बाहेर काढायचं नाही. नंतर मी कायदाही वाचला. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 194ब कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड. दंड हजाराचा आहे, पण त्या दिवशी आम्ही काय गमावलं असतं ते कुठल्या खात्यात लिहिणार?

दुसरं, दीड-दोन तासांनी थांबायचंच, बाळ झोपलेलं असलं तरी. इतकं लहान मूल त्या अर्धवट बसलेल्या स्थितीत फार वेळ राहू नये. सीटमधून काढून सपाट जागी आडवं करायचं, अंग मोकळं होऊ द्यायचं. दूध तेव्हाच, डायपर तेव्हाच. मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, तिथे आईला आडोशाला बसून पाजता येतं.

तिसरं, नकाशा जी वेळ दाखवतो तिची दुप्पट धरायची. आम्ही बँकवाले बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करून ठेवतो, तशी ही वेळेची तरतूद. अंधारात घाट नको.

चौथं, खाणं घरचं. मऊ खिचडी आणि नाचणीसत्त्व यांचं कोरडं पीठ डब्यात, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. घाटाच्या आधी पोट भरून भरवायचं नाही, नाहीतर पोफळीपर्यंत सगळं बाहेर येतं. नवीन पदार्थ प्रवासात सुरू करायचा नाही. गावाकडे प्रेमाने मध चाटवतात, ते एक वर्षाच्या आत अजिबात नाही. चमचाभर जरी असला तरी नाही.

पाचवं, औषधांची वेगळी पिशवी, ती डिकीत नाही, हाताशी. तापाचं औषध आणि बाळाच्या वजनाप्रमाणे त्याचं माप डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं. ओआरएसची पाकिटं, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लसीकरणाचं कार्ड. कोकणात डास, म्हणून छोटी मच्छरदाणी. डायपर रोज लागतात त्यापेक्षा चार-पाच जास्त.

सहावं, बंद गाडीत बाळाला एकटं ठेवायचं नाही. "दोन मिनिटांत नारळपाणी घेऊन येतो" हे सुद्धा नाही. उन्हात उभी गाडी बघता बघता तापते.

आणि सर्वांत खाली तिने लिहिलं होतं : थांबायचं की नाही ते आई ठरवेल. याच्याखाली तिने माझी सही घेतली. कर्जाच्या कागदांवर हजारो सह्या घेतल्या मी, पण स्वतः जामीन राहिलो तो तेव्हाच.

नऊला कऱ्हाडहून निघालो. पाटणला थांबलो. कोयनानगरला झाडाखाली सतरंजी टाकून छकुली अर्धा तास लोळली. घाट हळू उतरलो. चिपळूणला खिचडी, पुन्हा झोप. मार्गताम्हाने, शृंगारतळी करत गुहागरला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. नकाशा साडेतीन तास म्हणत होता. मी त्या दिवशी घड्याळ पिशवीत ठेवलं होतं.

आक्का पडवीत खुर्चीवर बसून होती, आदल्या दिवसापासून म्हणे. छकुलीला मांडीवर घेतलं आणि कपाळावरचं टेंगूळ बघून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगितलं. पाचला निघणार होतो, एकला पोचणार होतो, कसं ठरवलं होतं, सगळं. आक्का म्हणाली, "अरे, मूल येणार होतं, एसटी नव्हे." मग सूनबाईला म्हणाली, "तू बस गो माझ्याजवळ. ह्याला आत चहा टाकू दे." चहा मी टाकला.

तीन दिवस राहिलो. समुद्र लांबूनच दाखवला, व्याडेश्वराचं दर्शन झालं. पुढच्या पावसाळ्यात आक्का गेली. छकुलीला तिची आठवण असणार नाही, पण दोघींचा पडवीतला फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. वर आलात तर दाखवीन.

तेव्हा तरुण आई-बाबांनो, जरूर जा. गावी वाट बघणारं कोणी असेल तर बाळ मोठं व्हायची वाट बघू नका. आणि माझ्या वयाच्या आजी-आजोबांनो, आपण गाडीत असलो तर पुढच्या सीटवरून हुकूम सोडायचे नाहीत. सूनबाई, त्या दिवशी मी तुझी माफी मागितली नव्हती, नुसती सही केली होती. आज सगळ्यांसमोर मागतो.

त्या कागदाच्या मागच्या बाजूच्या वीस झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात. पुढची बाजू, म्हणजे माझं टाइमटेबल, मुद्दामच काढलेली नाही.