फेब्रुवारीतले शंभर रुपये



करसल्लागारांच्या सभेत अध्यक्षानं नव्या आयकर कायद्यावर बोलावं, अशी तुमची अपेक्षा असणार. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा येणार म्हटल्यावर आपण सगळेच जुन्या कलमांना नवे आकडे जुळवत बसलो. मी मात्र आज दोनशे रुपयांवर बोलणार आहे.

आमच्या इमारतीचा वॉचमन दर मार्चमध्ये सॅलरी स्लिप घेऊन येतो. प्रश्न ठरलेला असतो : ‘‘साहेब, या महिन्यात शंभर जास्त का कापले?’’ वर्षाचे अडीच हजार बसवायचे, म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, हे मी त्याला दरवर्षी सांगतो. यंदा तो म्हणाला, ‘‘पण आपण टॅक्समध्ये बसतच नाही ना?’’ तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्याचा पगार चौदा हजार. पीएफ कापला जातो, पण ती त्याचीच बचत. ईएसआयचे 105 रुपये जातात, ते आजारपणात कामी येतात. आयकराचा संबंधच नाही. उरतो तो व्यवसाय कर, आपल्या भाषेत पीटी. वर्षाला अडीच हजार, म्हणजे त्याच्या शंभर रुपयांतला दीड रुपया. महिना पाच लाख घेणारा कंपनीचा डायरेक्टरही अडीच हजारच भरतो. त्याच्या शंभरातले जेमतेम चार पैसे! नव्या करप्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारदाराला आयकर शून्य, याचे पेढे आपण वाटले. त्या पेढ्यांत वॉचमनच्या वाट्याला काही आलं नाही.

हा कर आला कुठून, हे तरुण सहकाऱ्यांना ठाऊक असेलच असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला, पाझर तलावांवर माती उपसायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला मग कायमचा पैसा हवा होता. म्हणून 1975 चा व्यवसाय कराचा कायदा. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि मागेल त्याला काम द्यायचं. कराचा पैसा कुठं जाणार हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कर माझ्या पाहण्यात नाही. आपण मात्र त्याला किरकोळ कापाकापीच्या रकान्यात टाकून मोकळे झालो.

वरची मर्यादा राज्याच्या हातात नाही. घटनेच्या 276 व्या कलमानं ती आधी वर्षाला 250 रुपये होती, 1988 च्या दुरुस्तीनं 2,500 झाली आणि तिथंच थांबली. तेव्हा कित्येकांचा महिन्याचा पगारसुद्धा अडीच हजार नव्हता. डायरेक्टरकडून जास्त घ्यायचं तर संसदेतच जावं लागेल. आपली धाव तिथवर नाही.

खालची मर्यादा मात्र मुंबईतच ठरते. 2023 मध्ये महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर माफी मिळाली, चांगलं झालं. पुरुषांची माफी साडेसात हजारांवर संपते. पूर्ण वेळ काम करून साडेसात हजार मिळवणारा माणूस आज शोधायचा कुठं? किमान वेतनाचे दर पाहा, म्हणजे ही माफी कागदावरच आहे हे कळेल. पंचवीस हजारांची मर्यादा सगळ्यांना लावली तर तिजोरीला खड्डा पडेल, हे मान्य. तो मोजायला आपल्याइतकी हिशेबी माणसं दुसरी कुठं सापडणार?

ही मर्यादा सगळ्यांना लावावी, अशा ठरावाचा मसुदा खिशात घेऊनच आलो आहे. अध्यक्षानं स्वतः ठराव मांडू नये असा संकेत आहे. तेव्हा दुपारच्या खुल्या सत्रासाठी मला एक सूचक हवा आणि एक अनुमोदक.